खुळखुळ्याचा पेच

"मरू दे त्याला," असं म्हणून टेस्टरने बटण दाबलं आणि शेजारच्या बशीतलं बिस्किट उचललं.

काचेपलीकडे बसलेल्या पेचवालीने कपाळाला हात लावला. सकाळपासून हाच प्रकार चालला होता. पडद्यावर बर्फात एक माणूस पडलेला, ओठ निळे, धाप लागलेली. जो येईल तो त्याला मरू देत होता आणि वर बिस्किटही खात होता.

पेचवाली हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ऑफिसातल्यांनी ते पाडलं होतं आणि आता तिलाही ते अंगवळणी पडलं होतं. ही मंडळी गेम बनवत, आणि ते बाजारात जाण्याआधी टेस्टर खेळून बघत. खेळणाऱ्याने एक पात्र घ्यायचं, त्याच्या कातडीत शिरून गोष्टीतून चालायचं, लढायचं, माणसं जोडायची. आणि मधूनच गोष्ट थांबून विचारते: हे करतोस का ते? असे प्रश्न तयार करणं हे तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. एका बाजूला सोनं आणि दुसऱ्या बाजूला शेण ठेवलं तर लहान मूलही बरोबर बोट दाखवील. त्याला पेच म्हणत नाहीत. दोन्ही बाजूंनी काहीतरी तुटलं पाहिजे, आणि तुटणारं आधी आवडलेलं असलं पाहिजे. शिवाय पळवाट नको. तिचा हा हट्ट ऑफिसभर प्रसिद्ध होता. कुणी म्हणालं, "एखादी जादूची मुळी ठेवू की, शोधेल त्याला मिळेल," तर ती म्हणायची, "मुळी ठेवलीस की माझा पेच मेला. मग ते सगळे मुळीच शोधत बसतील."

या गेममध्ये खेळणाऱ्याबरोबर एक सोबती असतो, खुळखुळ्या. बडबड्या, उचल्या, खिशात किल्ल्यांचा जुडगा वाजवत चालणारा. कुठलंही कुलूप उघडतो आणि उघडल्यावर स्वतःचीच पाठ थोपटून घेतो. घाटात त्याला हिमविष बाधतं. तिथली म्हातारी वैदीण सांगते, "तुझ्या जिवातला निम्मा त्याला दे, वाचेल. पण दिलेलं परत यायचं नाही." पडद्याच्या कोपऱ्यात खेळणाऱ्याच्या जिवाची लाल पट्टी असते, घाव बसला की ती कमी होते, संपली की खेळ संपला. ती पट्टी शेवटपर्यंत निम्मीच राहणार. देतोस का नाही?

"कशाला देऊ?" बिस्किटवाला टेस्टर बाहेर येऊन म्हणाला. "पुढे तो राक्षस आहे ना, त्याच्याशी निम्म्या पट्टीत लढू? बिचारा चांगला होता हो, पण माझे दोन फटक्यांत बारा वाजतील."

"रडू आलं का?"

"खुळखुळ्यासाठी? थोडंसं," टेस्टर म्हणाला. "पण बटण तेच दाबलं."

पेचवालीने मान डोलावली. पेच एका बाजूला कलला होता. दुरुस्त करायला हवा.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, कारण ती आणि ही निराळ्या नाहीत.

पेचवालीला पाठचा एक भाऊ होता. तो किल्ल्या बनवायचा. चौकात त्याचं चिंचोळं दुकान, भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, एक घासायचं यंत्र आणि अखंड बडबड. रक्तदाबाची गोळी घ्यायला त्याला कधी वेळ झाला नाही. डोकं दुखलं की म्हणायचा, "यंत्राच्या आवाजाने." असं बरीच वर्षं अंगावर काढल्यावर एक दिवस पाय सुजले आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून तो एका दिवसाआड डायलिसिसच्या खुर्चीत बसत होता. मानेजवळ घातलेल्या नळीतून रक्त बाहेर जायचं, यंत्रात धुऊन परत यायचं. "कपडे धुवायला देतात तसा मी रक्त देतो," असं तो दुकानात येणाऱ्यांना सांगायचा.

मूत्रपिंड देता येईल का म्हणून बहिणीच्या तपासण्या झाल्या. रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं. मावसभाऊ स्वतःहून तपासणीला तयार झाला होता, त्याला घरच्यांनी थांबवलं. बहिणीचं जुळलंय म्हटल्यावर त्या बापड्याला सुया कशाला टोचायच्या?

शस्त्रक्रियेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत बोलावलं होतं. खोलीत प्लास्टिकचं मूत्रपिंड होतं, मुलांच्या खेळण्यासारखं उघडता येणारं. बाई म्हणाल्या, "तुमच्यावर कसलीही जबरदस्ती नाही. नको असेल तर मला सांगा. मी घरी इतकंच कळवीन की दाता म्हणून तुम्ही योग्य नाही. कारण कुणाला कळणार नाही."

"म्हणजे पळवाट," ती म्हणाली.

"वाट म्हणा. पुष्कळजण घेतात, त्यात कमीपणा नाही."

"मला वेळ हवाय."

"घ्या. पण फार नको. नळीवर असलेल्या माणसाला आपण फार थांबवू नये."

ती घरी आली. लेक फरशीवर ठोकळे रचत बसली होती. तिने ठोकळ्यांकडे पाहिलं आणि वाटलं, हिला मोठं करायला मी अख्खी लागणार नाही का? नवरा म्हणाला, "मी हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही. उद्या काही झालं तर तू मला बोलशील." आई फोनवर रोज म्हणायची, "तुझं तू ठरव बाई, माझं काही म्हणणं नाही," आणि ज्या आवाजात म्हणायची त्या आवाजात तिचं सगळं म्हणणं असायचं. पेचवालीला सुरीची भीती वाटत होती. भावाचा रागही येत होता: एक गोळी, रोज एक गोळी घ्यायची होती गाढवाला! आणि तो गेला तर, याच्या पुढचा विचार तिला करवत नव्हता. तिन्ही खरं होतं. कुठलं जास्त खरं, तेच तिला कळेना.

तेव्हा तिने तिच्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल असं काहीतरी केलं. गेममध्ये तिने घाट लिहिला. ती स्वतःशी म्हणाली, इतकी माणसं खेळतील, त्यांना माझं काही ठाऊक नाही, ती माझ्यावर प्रेमही करत नाहीत आणि दडपणही आणत नाहीत. ती खरं काय ते दाखवतील. कौल स्पष्ट आला की मी तसं करीन.

तर पहिला कौल आला: मरू दे.

तिने राक्षस जरा मवाळ केला. निम्म्या पट्टीतही लढता येईल असा. पुढच्या खेपेला जो येईल तो खुळखुळ्याला वाचवू लागला. "दिली की पट्टी! त्याच्याशिवाय मजा काय?" कौल स्पष्ट होता. पेचवालीने रात्रभर विचार करायला नको होता. सकाळी उठून डॉक्टरीणबाईंना एक फोन करायचा होता.

त्याऐवजी सकाळी ऑफिसात येऊन तिने खुळखुळ्याचे दोन विनोद काढले आणि त्याला एक चोरी जास्तीची करायला लावली. खेळणाऱ्याच्या थैलीतून औषध चोरायची.

शेजारी प्रोग्रामर बसायचा. तिशीतच केस पिकल्यामुळे त्याला सगळे आजोबा म्हणत. तो म्हणाला, "का गं? काल सगळे 'दे' म्हणत होते. छान चाललं होतं की."

"म्हणूनच. सोपं झालं होतं."

"आणि त्याच्या आधी सगळे 'नको' म्हणत होते, तेव्हाही तू बिघडवलंस."

"तेव्हाही सोपं झालं होतं, आजोबा."

"मग तुला हवंय तरी काय?"

"निम्मे-निम्मे. निम्म्यांनी द्यावं, निम्म्यांनी देऊ नये. तेव्हा पेच जमला म्हणायचं."

आजोबांनी खांदे उडवले. ते प्रोग्रामर होते, त्यांना इतकंच माहीत होतं की बाई कामाला पक्की आहे. आणि तिचंही चुकत नव्हतं. धंद्याच्या हिशेबाने तेच बरोबर होतं. फक्त ती ज्या तराजूकडे उत्तर मागत होती, त्याचा काटा रोज सकाळी स्वतःच्याच हाताने मधोमध आणून ठेवत होती, हे तिच्या ध्यानात येत नव्हतं.

डायलिसिस नसलेल्या एका दिवशी भाऊ ऑफिसात टपकला. "टेस्टर पाहिजेत म्हणे. मी फुकटात खेळतो, चहा पाजा." मानेला पट्टी, अंगात ढगळ स्वेटर, खिशात किल्ल्या. आजोबांशी त्याची लगेच गट्टी जमली. आजोबांच्या टेबलाच्या खणाचं अडकलेलं कुलूप त्याने बसल्याबसल्या उघडून दिलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. आजोबांनी चमकून पेचवालीकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती.

तो खेळायला बसला. सुरुवातीला हसत होता. "हा चोर भारी आहे गं!" मग हळूहळू हसणं कमी झालं. घाट आला, बर्फ आला. खुळखुळ्या कोसळला. वैदिणीने विचारलं. पडद्यावर दोन बटणं उमटली.

त्याने हात मांडीवर ठेवले. आवाज फक्त गेममधल्या वाऱ्याचा. मग त्याने खिशात हात घालून जुडगा वाजवला, छन् छन्, आणि बहिणीकडे न बघता म्हणाला, "माझ्यासारखाच वाजतो."

"हो."

"औषधबिषध चोरायची बुद्धी मात्र माझी नाही हां. ते तू घुसडलंस."

"पेच तोलायला घातलं ते. लोकांना तू फार आवडायला लागला होतास."

"आँ? मग आवडू द्यायचं की!" तो हसला, आणि खोकला. "हा पडलेला काहीच कसा बोलत नाही? त्याच्याच जिवावर बेतलंय, त्याला कुणी विचारायचं नाही?"

"बोलला की खेळणाऱ्यावर दडपण येतं. त्याची वाक्यं होती, मी काढून टाकली."

"बरं केलंस. बडबड्या कुठला." तो उठला. "चल, आधी चहा."

"अरे, बटण?"

"असू दे की. थांबेल तो."

ते दोघं चहा पिऊन आले. भाऊ सावकाश प्यायला, कारण त्याला पाणी मोजून मिळायचं आणि तो एक कप पुरवून पुरवून घ्यायचा. परत आले तर पडद्यावर बर्फ तसाच पडत होता, खुळखुळ्या तसाच धापत होता, वैदीण तशीच हात पुढे करून उभी होती.

"बघ," भाऊ म्हणाला, "अजून आहे! उद्या आलो तरी असेल?"

"असेल. तू ठरवेपर्यंत इथे काहीच पुढे सरकत नाही. सगळ्याच गेममध्ये असंच असतं."

"मजा आहे त्याची." तो बसला नाही, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. "ताई, एक सांगू? नको असेल तर नको म्हण. मी रुसणार नाही, आईलाही मी समजावीन. मावसभाऊ आहे, मूत्रपिंडाच्या यादीत नाव घालता येतं, काहीतरी करता येतं. पण सांग मला. ही खुर्ची धरून उभं राहणं वाईट."

तिच्या तोंडात शब्द आला होता. कुठला, ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. ती म्हणाली, "एवढं टेस्टिंग संपू दे. संपलं की लगेच सांगते."

"टेस्टिंगचा काय संबंध?"

"आहे. सांगते ना."

"बरं बाई," तो म्हणाला आणि आजोबांना टाटा करून गेला. जिन्यावरून किल्ल्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

टेस्टिंग संपलं. शेवटच्या फेरीत निम्म्यांनी पट्टी दिली आणि निम्म्यांनी दिली नाही. दोन्हीकडचे लोक बाहेर येऊन आपलं बटण चुकलं का म्हणून विचारत होते. एक बाई तर डबा न खाता घरी गेली. गेमचा दिग्दर्शक, एरवी कुणाचं कौतुक करताना हातचं राखणारा माणूस, तिच्या टेबलापाशी येऊन टाळ्या वाजवू लागला. "याला म्हणतात पेच! दगडालाही घाम फुटेल इतकं कठीण केलंस. उत्तरच नाही याला!"

सगळे उभे राहिले. पेचवाली बसून होती. उत्तरच नाही. इतके दिवस ती उत्तर मिळवायला बसली होती आणि इतके दिवस तिने उत्तर उरणार नाही याचीच काळजी घेतली होती. टाळ्या चालू असतानाच फोन वाजला. आई होती.

"थंडी वाजून ताप आलाय त्याला. दात वाजतायत. तू ये."

मानेतल्या नळीवाटे जंतू रक्तात शिरले होते. ताप औषधांनी उतरला, पण तोवर ते हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले होते. झडप गळू लागली, हृदय थकलं. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर आई पदर तोंडाशी धरून बसली होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तशी पेचवाली उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. "माझं ठरलंय," ती म्हणाली. "मी देते. आज घ्या, उद्या घ्या, कधीही घ्या."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. त्यांनी रागावायला हवं होतं, म्हणजे बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "आता तो प्रश्नच राहिला नाही हो. त्यांचं हृदय एवढी मोठी शस्त्रक्रिया झेलणार नाही. झडपेची तर नाहीच नाही."

"मग मावसभाऊ..."

"कुणीही दिलं तरी तेच."

आईने बाकावरून विचारलं, "काय म्हणतायत?" आणि पेचवाली तिच्याशेजारी बाकावर जाऊन बसली.

भावाला घरी आणलं. डायलिसिस चालू राहिलं, पण दर खेपेला रक्तदाब खाली जायचा आणि यंत्र अर्ध्यावर बंद करावं लागायचं. किती दिवस, असं कुणी विचारलं नाही. दुकानाचं दार ओढून घेतलेलं होतं.

पेचवाली ऑफिसात गेली आणि आजोबांना न सांगता घाटात एक बदल केला. बटणं उमटली की वेळ धावू लागायचा. दाखवायचा मात्र नाही. कुठे घड्याळ नाही, सूचना नाही. खेळणारा विचार करत बसला, तर वैदीण हात मागे घ्यायची, खुळखुळ्याचा श्वास थांबायचा आणि दोन्ही बटणं विझून जायची. मागून दुःखाचं संगीतही नाही. नुसता बर्फ.

पुन्हा बोलावलेले टेस्टर खवळले. "बग आहे, गेम बिघडलाय!" "मी ठरवतच होतो!" "चहा प्यायला गेले तेवढ्यात मेला!"

"बग नाही," ती म्हणाली.

दिग्दर्शकाने तिला बाजूला घेतलं. त्याला घरचं ठाऊक होतं, म्हणून तो हळू बोलला. "हे बघ, लोक दमून घरी येतात आणि खेळायला बसतात. त्यांना विचार करायला जागा हवी. गेममध्ये तरी मिळू दे. काढ ते."

"सगळ्या पळवाटा मी बंद केल्या होत्या," ती म्हणाली. "ही एवढी उघडी राहिली होती. काहीच न ठरवण्याची."

"काढ," तो म्हणाला. तिने काढलं नाही, तेव्हा आजोबांनी काढलं. मान खाली घालून, तिच्याकडे न बघता.

रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन भावाकडे गेली. त्यानेच मागवला होता. "माझं अर्धवट राहिलंय," म्हणाला होता. उशांना टेकून तो बसला. बसला म्हणजे बसवला. चेहरा मेणासारखा, घोटे सुजलेले. आजोबांनी त्याचा खेळ जपून ठेवला होता, त्यामुळे उघडल्या उघडल्या तोच घाट, तोच वारा, वैदिणीचा पुढे केलेला हात आणि दोन बटणं.

"आहे अजून," तो म्हणाला. "गुणी माणूस."

तिने लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. त्याची बोटं बटणापर्यंत गेली आणि परत चादरीवर आली.

"तूच दाब," तो म्हणाला.

"कुठलं?"

"आता कुठलंही." थोडा वेळ तो श्वास गोळा करत राहिला. "एक विचारू? खरं सांगशील? तेव्हा काय म्हणणार होतीस? देणार होतीस की नव्हतीस?"

तिने पुष्कळ शोधलं. "देणार होते" म्हणणं सोपं होतं. ते आता फुकटचं होतं. "खरं सांगू? मला अजून माहीत नाही."

"हात्तिच्या," भाऊ म्हणाला. "मला इतके दिवस वाटायचं, नाही म्हणायचंय आणि हिला लाज वाटतेय. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. म्हटलं, कशाला टोचायचं."

तो हसायला गेला, पण खोकल्याने ते होऊ दिलं नाही. मग डोळे मिटले. उशीजवळ किल्ल्यांचा जुडगा होता, त्यावर त्याचा तळवा पडून होता. तो हलत नव्हता म्हणून किल्ल्याही वाजत नव्हत्या.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "झोपला का गं?"

"हो."

तिने लॅपटॉप अलगद उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. लाल पट्टी अख्खी होती. तिने बोट एका बटणावर ठेवलं, मग दुसऱ्यावर ठेवलं. खुळखुळ्या धापत होता, बर्फ पडत होता, आणि तिथे कुणालाच कसली घाई नव्हती.